दादाचा हात बसला होता का

दादा गेल्यावर घरी भेटायला जी माणसं आली, त्यांनी मला पार गोंधळात टाकलं. अजून मी त्यातून नीट बाहेर आलेली नाही. जसं आठवेल तसं सांगते, पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत मशीनवर होता. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, बाळांची दुपटी, सगळ्या दवाखान्याचं मळकं त्याच्या हातून पांढरं होऊन वर जायचं. जन्म गेला त्यात. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्यांना मूलबाळ नाही. मी शिवणकाम करते, पलीकडच्याच खोलीत राहते, पण जेवणखाण तिघांचं एकत्र. म्हणजे होतं.

तर आधी लॉन्ड्रीचा मुकादम आला. खुर्चीत बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "मास्तर गेले. लॉन्ड्रीत आता जीव लागत नाही."

मी मागे वळून बघितलं. कोण मास्तर? आमच्या सात पिढ्यांत कोणी मास्तर नाही. मला वाटलं बिचारा चुकून दुसऱ्याच्या घरी आला, आता याला सांगायचं कसं.

त्याच्याबरोबर लॉन्ड्रीतली एक बाई होती, चादरींच्या घड्या घालते, तिला सगळे घडीमावशी म्हणतात. ती म्हणाली, "दादांनाच मास्तर म्हणायचो आम्ही. ट्रेनिंगच्या वर्गात सगळ्यात जुने तेच ना."

वहिनीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "शिकवायचे का हे तिथे?"

"शिकवायचे कुठले. बसायचे."

मुकादमाने मावशीकडे असे डोळे वटारले की ती पदरात तोंड लपवून गप्प झाली.

मला काही कळेना. कारण दादाची परीक्षा केव्हाच झाली होती. पास झाला होता तो. निदान आम्ही दोघी तसं समजून होतो.

मुकादमाने विषय बदलला. म्हणाला, "वहिनी, मशीनवर एक जागा आहे. साहेब म्हणतात घरच्या माणसाला घेऊ. पण ट्रेनिंग करावं लागेल, आणि पास व्हावं लागेल. त्यात माझं काही चालत नाही."

वहिनी म्हणाली, "मी येते."

तिने कधी बाहेर काम केलेलं नाही. माझ्या शिवणावर दोघींचं भागणार नाही हे तिलाही माहीत, मलाही.

आता हे ट्रेनिंगचं आधीपासून सांगते, नाहीतर तुम्ही पण माझ्यासारखेच व्हाल.

लॉन्ड्रीत आधी एक जुनं मशीन होतं. त्याला लोखंडी दांडा आणि एक गोल चकती. दादाचा हात त्याच्यावर असा बसलेला की मागच्याशी गप्पा मारत मारत तो न बघता चकती फिरवायचा. मग ते मशीन सारखं बसायला लागलं. म्हणजे बंद पडायला. आज बसलं, दुरुस्त केलं, उद्या परत बसलं. शेवटी साहेबांनी नवीन आणलं. नव्याला दांडा नाही, चकती नाही, नुसती एक काच. काचेवर चौकोन. बोट लावलं की मशीन आपलं आपण धुतं.

मुकादमाने सगळ्यांना सांगितलं, शनिवारी पाळी सुटली की वरच्या खोलीत ट्रेनिंग, आणि मग परीक्षा. पास होईल तो मशीनवर. जो होणार नाही त्याला घरी बसवणार.

दादा घरी येऊन म्हणाला, "परीक्षेला बसायचंय."

वहिनी म्हणाली, "या वयात?"

"परीक्षेला नाही बसलो तर घरी बसावं लागेल."

"मग बसा की. बसायलाच सांगतायत ना, पळायला तर नाही."

आम्ही हसलो तेव्हा. दादा पण हसला.

काचेवरची चित्रं काही त्याला उलगडेनात. प्रत्येक चौकोनात एक टब, टबात पाण्याच्या रेघा, कुठे खाली एक टिंब, कुठे दोन. चष्मा लावून, चष्मा काढून, सगळी भावंडंच दिसायची म्हणे. अक्षर एक नाही. म्हणून त्याने ठरवलं की चित्रं गेली उडत, आपण जागा पाठ करायच्या. कुठल्या ओळीत कितवा चौकोन, बस.

आमच्या ओट्यामागे भिंतीला पांढऱ्या टाइल्स आहेत. चौकोनी, ओळीने. त्यालाच त्याने मशीन केलं. वहिनी भाजी चिरायला बसली की हा टाइल्ससमोर उभा. ती चिरता चिरता नाव सांगायची, हा बोट ठेवायचा.

"चादरी."

वरची पहिली.

"अभ्रे."

वरची दुसरी.

"टॉवेल."

खालच्या ओळीत पहिली.

"ब्लँकेटं. रक्ताचे. बाळांचे."

रक्ताचे म्हणजे ऑपरेशनचे कपडे. त्यांना आधी थंड पाणी लागतं, गरम घातलं की डाग पक्का बसतो. आणि बाळांच्या कपड्यांना तिखट साबण चालत नाही. म्हणजे चुकीचा चौकोन दाबला तर नुसती चूक नाही, सगळा घाणा फुकट. दादा हे आम्हाला इतक्यांदा सांगायचा की मी झोपेतही सांगितलं असतं.

वहिनी वैतागायची. "तेलकट बोटं लावू नका हो, मीच पुसते मागाहून."

"तूच विचारतेस ना, म्हणून लावतो."

"मी विचारते कारण तुम्ही माझ्या डोक्यावर उभे राहता."

असं चालायचं. पण रोज. एक दिवस सोडला नाही त्याने. शेवटी शेवटी तर तो भिंतीकडे पाठ करून, हात मागे नेऊन बरोबर टाइलवर बोट ठेवायचा. वहिनी म्हणायची, आता तुम्हाला सर्कशीत घालायला हरकत नाही.

पहिल्या परीक्षेहून आला तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाही झालं. परत बसू."

आम्हाला नवल वाटलं. इतकं पाठ असून?

त्यानंतर परत बसला. परत नाही झालं. त्याच्याबरोबरचे सगळे निघून गेले, नवे आले. वहिनी म्हणाली, मन लागत नसेल तुमचं. त्याने टाइल्सचा वेळ आणखी वाढवला. जेवण झाल्यावर पण टाइल्स.

मग एका शनिवारी आला आणि म्हणाला, "झालं."

"पास?" वहिनीने विचारलं.

"झालं म्हणतोय ना."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? आम्ही पास असा घेतला. वहिनीने गोड केलं त्या दिवशी. त्याने खाल्लं. नको म्हणाला नाही.

पण पुढच्या शनिवारी स्वारी परत ट्रेनिंगला.

"आता कशाला?"

"नवीन माणसं येतात. त्यांच्यात असावं लागतं."

वहिनी मला डोळा मारून म्हणाली, "वन्सं, शिकवणारी मॅडम देखणी असणार."

दादा म्हणाला, "देखणी आहे. पण मला बघितलं की कपाळाला हात लावते."

"ते तर आम्ही घरीपण लावतो. त्यासाठी तिथे कशाला जायचं?"

आणि टाइल्सचं पण सुटलं नव्हतं. येता जाता बोट फिरवायचाच. मला वाटलं सवय झाली असेल, काही लोक बोटं मोडतात तसं. एक गोष्ट मात्र वहिनीच्या लक्षात आली होती. ती मला म्हणाली, "वन्सं, ह्यांच्या हाताला आधी साबणाचा वास यायचा. आता दवाखान्याचा येतो." मी म्हटलं दवाखान्यातच काम करतो तर दवाखान्याचाच येणार. तिथे आमचं बोलणं संपलं.

मग त्याच्या छातीत धरलं. त्याच दवाखान्यात ठेवलं, वरच्या मजल्यावर. लॉन्ड्री खाली, हा वर. पहिल्या दिवशी त्याने अंगावरची चादर हातात घेऊन उजेडात धरली, एक पिवळट डाग होता त्याच्यावर, आणि नर्सला म्हणाला, "ही आमच्या पाळीची नाही हो." नर्स हसली.

नंतर बोलायचं कमी झालं. पण बोट चालायचं. चादरीवर ते बोट एका जागी टेकायचं, मग टुणकन उडी मारल्यासारखं पुढे जायचं, मग शेजारी, मग शेजारी. मला वाटलं नर्सला बोलवायची घंटा शोधतोय. मी घंटा हातात दिली, त्याने बाजूला ठेवली आणि परत तेच. टेकवायचं, उडी, शेजारी, शेजारी. वहिनी उशाशी बसून बघत होती. दोन्ही हातांनी तिने त्याचा दुसरा हात धरला होता.

मग तो गेला.

तर वहिनी ट्रेनिंगला निघाली, आणि तिला एकटीला भीती वाटत होती म्हणून मी पण गेले. लॉन्ड्रीच्या वरची खोली. खालून वाफेची ऊब येते, जमीन जराशी थरथरते. खुर्च्या अशा की हाताशीच लिहायची फळी. बारा गावची माणसं, कोणी इस्त्रीच्या रोलरवरची, कोणी गाडा ओढणारी, सगळी पाळी करून आलेली. एक जण तर बसल्या बसल्या घोरत होता. पुढे मॅडम. वयाने आमची मुलगी शोभेल अशी.

वहिनी एका खुर्चीत बसायला गेली तर रोलरवाला म्हणाला, "बाई, ती हलते. मास्तरांनी सांगितलंय, नव्या माणसाला तिच्यावर बसू द्यायचं नाही." मग शेवटच्या ओळीतली दाखवली. "ती मास्तरांची. तिथे बसा."

वहिनी तिथे बसली. मी भिंतीला टेकून.

मॅडमने थोडं सांगितलं, मग सगळ्यांना खाली मशीनपाशी नेलं. म्हणाली, आज नुसतं बघू कोणाला काय येतं ते. वहिनीची पाळी आली. मी मनात म्हटलं, हिला तर सगळं पाठ आहे, रोज हीच विचारायची. वहिनीने पदर खोचला आणि काचेसमोर उभी राहिली, दादा टाइल्ससमोर उभा राहायचा तशीच.

"चादरी," मॅडम म्हणाली.

वहिनीने बोट लावलं. बरोबर.

"अभ्रे."

बरोबर. मॅडमने कौतुकाने बघितलं.

"टॉवेल."

बरोबर.

"ब्लँकेटं."

वहिनीचं बोट एक चौकोन ओलांडून पुढे पडलं. मॅडम म्हणाली, "हे रक्ताचे आलं. असू दे. आता रक्ताचे सांगा बरं."

वहिनीने त्याच्या शेजारी बोट ठेवलं.

"हे बाळांचे आलं," मॅडम म्हणाली. आवाज जरा बदलला तिचा. "आणि बाळांचे?"

वहिनीने मोठ्या विश्वासाने बोट ठेवलं ते काचेच्या बाहेर, पत्र्यावर.

कोणी हसलं नाही. मागे रोलरवाला नुसता "अरे" म्हणाला. मॅडमने वहिनीला विचारलं, "तुम्ही काकांच्या कोण?"

"बायको," वहिनी म्हणाली. "काय चुकलं?"

मॅडम उपड्या घातलेल्या प्लास्टिकच्या बादलीवरच बसली. म्हणाली, "काकी, हीच चूक. अगदी हीच. चुकतात सगळे, पण प्रत्येक जण वेगळा चुकतो. बाळांचे म्हटल्यावर पत्र्यावर बोट ठेवणारं माणूस मी एकच बघितलं. मी त्यांना दर शनिवारी सुधारायचे, इथून जाताना बरोबर दाबून जायचे. पुढच्या शनिवारी आले की परत पत्रा. विचारलं तर म्हणायचे, मॅडम, तुमची काच आखूड आहे."

वहिनी म्हणाली, "म्हणजे हे पास नव्हते झाले?"

आता सगळे मुकादमाकडे बघायला लागले. तो टॉवेलांच्या गाड्यामागे उभा होता. म्हणाला, "नव्हते. घरी बसवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मळक्या कपड्यांच्या निवडीवर ठेवलं. पास व्हा, मग मशीनवर परत या, असं सांगितलं होतं. म्हणून बसायचे दर वेळी. त्यांना परत मशीन हवं होतं, वहिनी. दुसरं काही नको होतं."

निवडीवर म्हणजे वरून जे येतं, रक्तामासाचं, घाणीचं, ते हातमोजे घालून वेगळं करायचं. मग हात औषधाने धुवायचे. म्हणून दवाखान्याचा वास.

मला कोणाचा राग यावा ते कळेना. दादाचा येत होता, की तू आम्हाला सांगितलं का नाहीस. मुकादमाचा आणावा तर त्याने चांगलंच केलं होतं. मॅडम तर बादलीवर बसून डोळे पुसत होती, तिचा कसा आणणार. आणि इतकं पाठ असलेला माणूस दर शनिवारी एकाच जागी चुकतो कसा, हे तर कोणालाच सांगता येईना. मॅडमने वहिनीला म्हटलं, "पुढच्या शनिवारी परीक्षा आहे. तोवर हे सुधारून या. सुधारलं तर जागा तुमची." आम्ही घरी आलो.

रस्त्याने वहिनी माझ्या पुढे पुढे चालत होती. घरी येऊन तशीच ओट्यापाशी गेली. मी दारात. तिने बोट ठेवलं.

"टॉवेल," ती स्वतःशीच म्हणाली. खालच्या ओळीतली पहिली टाइल. मग बोट उडी मारून पुढे. "ब्लँकेटं." मग शेजारी. "रक्ताचे." मग शेजारी. "बाळांचे."

ती उडी मी ओळखली. चादरीवर बघितलेली.

"वहिनी," मी म्हटलं, "मधे उडी का मारतेस?"

"कुठे मारते?"

"टॉवेल आणि ब्लँकेटच्या मधे काय आहे?"

तिने बघितलं. "काय असणार, दिव्याचं बटण आहे. त्याच्यावर कसं ठेवणार बोट, दिवा लागेल ना."

आणि बोलता बोलता ती थांबली.

त्या ओळीतली दुसरी टाइल काढून तिथे दिव्याचा बोर्ड बसवलेला आहे. घर घेतल्यापासून आहे, आम्हाला दिसतही नाही आता. दादाने तेवढी जागा सोडून टाइल्स मोजल्या होत्या. भिंतीवर ते बरोबरच होतं. पण मशीनच्या काचेला बोर्ड नाही. तिथे चौथ्या चौकोनावर काच संपते, आणि दादाचा पाचवा चौकोन पत्र्यावर जातो.

म्हणजे तो जितका सराव करायचा तितका पक्का चुकायचा. शनिवारी मॅडम सुधारायची, आणि हा आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात परत पक्कं करून जायचा. आणि नावं वहिनीच सांगायची.

वहिनी ओट्याला टेकली. म्हणाली, "वन्सं, हात बसला होता हो ह्यांचा." मग म्हणाली, "भलत्या जागी बसला होता."

मला हसू यायला लागलं आणि ते मध्येच रडू झालं, वहिनीचं उलटं झालं. आम्ही दोघी ओट्यापाशी खालीच बसलो. मी म्हटलं मशीन बसलं, दादा बसला, आता आपण पण बसलो. ती म्हणाली गप बसा.

मला अजून कळत नाही की त्याला येत होतं म्हणायचं की येत नव्हतं. भिंतीवर विचाराल तर त्याच्यासारखा कोणी नव्हता. पाठमोरा उभा राहून चुकत नव्हता. मशीनवर विचाराल तर तो नापास. मी घडीमावशीला विचारलं, ती म्हणाली देवाला ठाऊक. मॅडमला विचारलं, ती म्हणाली, काकी, मला आता माझंच शिकवणं कळेनासं झालंय.

तो आठवडा वहिनीने परत भिंतीवर सराव केला. मी म्हटलं दुसरीकडे कर, कपाटाच्या दारावर कर. ती म्हणाली, "माझं डोकं याच भिंतीवर चालतं. जागा तीच ठेवते, आता मधलं सोडायचं नाही." मी नावं घ्यायला बसले.

शनिवारी मी गेले नाही, शिवणाचं गिऱ्हाईक होतं. वहिनी संध्याकाळी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं."

मी सुई खाली ठेवली. "कसलं झालं? तुमच्या घरात झालं म्हणजे काय ते मला समजत नाही. नीट सांग."

"सोमवारपासून मशीनवर. टोपी दिलीय डोक्याला." आणि पिशवीतून निळी टोपी काढून दाखवली. तेव्हा कुठे मी विश्वास ठेवला. नंतर मुकादमाला पण विचारलं, खोटं कशाला बोलू.

पण भिंत काही सुटली नाही तिची. आता कामावरून येते, ओट्यापाशी उभी राहते आणि बोट फिरवते. वरची पहिली, दुसरी, खालची पहिली, मग बटण. दिवा लागतो. परत सुरुवात, दिवा विझतो. लागतो, विझतो. मी माझ्या खोलीतून बघते तर स्वयंपाकघराची खिडकी उघडझाप करत असते.

काल समोरच्या बाईने तिच्या खिडकीतून विचारलं, "काय हो, दिवा बिघडलाय का तुमचा?"

वहिनी आतूनच म्हणाली, "नाही हो. ब्लँकेटं धुतेय."